दुखणं रामेश्वरी, लेप सोमेश्वरी

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून लिहितेय. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, वजन ३६ किलो. पाच बाळंतपणं, सगळी घरीच. गेले चार महिने त्यांचा उजवा गुडघा आणि मांडीची आतली बाजू दुखते. तेल झालं, नी-कॅप झाली, गुडघ्यात इंजेक्शनही झालं. मधूनच पोटात गॅस धरतो, दोन-तीन उलट्या होतात आणि दुसऱ्या दिवशी बऱ्या असतात. दोनदा एकेका रात्रीपुरतं सलाइन लावून घरी पाठवलं. काल रात्री तिसऱ्यांदा आणलं, तेव्हा ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला. त्यात ‘ऑब्ट्युरेटर हर्निया’ निघाला. आज दुर्बिणीतून ऑपरेशन करून जाळी बसवू, सही करा म्हणतात. ह्यांचं म्हणणं, या वयात चिरफाड कशाला? दीर म्हणतात, गाठ कुठेच दिसत नाही तर हर्निया कसला, आणि असलाच तर पट्टा बांधू. सासूबाई म्हणतात, माझ्या गुडघ्याचं बघा, बाकी मला काही झालेलं नाही. काय करू?
— सौ. के., पंचवटी

उत्तर : सौ. के., तुमचा हा मेसेज संपादकांनी त्याच दुपारी माझ्याकडे पाठवला, म्हणून बरं झालं. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्नच नव्हता. मी तुम्हाला फोन केला, तुमच्या यजमानांशी बोलले, संध्याकाळी सही झाली आणि रात्री साडेनऊला ऑपरेशन. (बाकीच्या वाचकांना हात जोडून सांगते : हॉस्पिटलच्या पॅसेजमधले प्रश्न मासिकाला विचारू नका. समोर उभ्या असलेल्या डॉक्टरला विचारा. तो घाईत असला तर त्याची बाही धरा.)

तरीही हे उत्तर छापतेय, कारण फोनवर तुमच्या दिरांचं समाधान झालेलं नव्हतं. आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. हर्निया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जांघेतली किंवा बेंबीजवळची गाठ येते. उभं राहिलं की फुगते, आडवं झालं की आत जाते. मग गाठ नाही तर हर्निया कसला?

हा हर्निया खोल असतो, म्हणून दिसत नाही. आपल्या कमरेच्या हाडाला खालच्या अंगाला दोन्ही बाजूंना एकेक मोठं भोक आहे. ते जाड पडद्याने झाकलेलं असतं, फक्त वरच्या कोपऱ्यात एक वाट मोकळी राहते. नाशिकच्या भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांमधले बोळ आठवा, एक माणूस जेमतेम जाईल असे. तसाच हा बोळ : दोन-तीन सेंटिमीटर लांब, करंगळीएवढा रुंद. त्यातून एक नस आणि रक्तवाहिन्या मांडीत उतरतात. उरलेल्या जागेत चरबीचा बोळा बसवलेला असतो, खिडकीच्या फटीत चिंधी कोंबावी तसा. वय वाढतं, वजन उतरतं, तशी ती चिंधी विरते. बोळ मोकळा होतो. मग खोकल्याचा प्रत्येक ठसका आणि संडासला कुंथताना दिलेला प्रत्येक जोर आतड्याला त्या वाटेने ढकलत राहतो. बायकांचं कटीर (कमरेच्या हाडांचा सांगाडा) रुंद, त्यात बाळंतपणांनी तिथले पडदे सैल पडलेले, म्हणून हा हर्निया पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी पट जास्त. तोही बहुधा उजवीकडे, कारण डाव्या बाजूचा बोळ मोठ्या आतड्याच्या वळणाने झाकलेला असतो. आणि हे सगळं मांडीच्या स्नायूंखाली घडतं. वरून हात फिरवला तर काहीच लागत नाही.

आता गुडघा. त्या बोळातून जी नस जाते, ती मांडीच्या आतल्या बाजूची, पार गुडघ्यापर्यंतची खबर मेंदूकडे नेते. आतडं बोळात शिरलं की ती नस हाडावर दाबली जाते. दाब बसतो कमरेत आणि कळ जाणवते गुडघ्यात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. आपलं सोमेश्वर तर गंगापूर रोडवरच आहे, आणि तुम्ही चार महिने तिथेच तेल चोळत बसलात. यात तुमचा दोष काडीचा नाही. सासूबाईंनी जिथे दुखतं तेच दाखवलं.

या दुखण्याची एक खूण १८४० च्या दशकातच हाउशिप नावाच्या इंग्रज सर्जनने आणि रोमबर्ग या जर्मन डॉक्टरने लिहून ठेवली आहे. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाय पोटाशी दुमडला की बरं वाटतं. सरळ केला, बाहेर फाकवला आणि आत वळवला की मांडीतून गुडघ्यापर्यंत झणका जातो. फोनवर मी तुम्हाला विचारलं होतं, त्या झोपतात कशा? तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, “गोधडीत उजवा गुडघा उभा करूनच. सरळ करा म्हटलं की चिडतात.” आम्ही टेबलावर झोपवून जे तपासतो, ते त्या चार महिने रोज रात्री स्वतःच्या अंगावर करून दाखवत होत्या. ही खूण प्रत्येकीत मिळत नाही. अर्ध्याअधिक जणींत नसतेच. पण मिळाली तर सोन्यासारखी.

मला हे सुचलं, त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला आवडत नाही. १९९६ साली मी शिकाऊ होते. निफाड तालुक्यातल्या एक आजी रात्री दाखल झाल्या. पोट फुगलेलं, उलट्या, अंगात मूठभर मांस नाही. एक्स-रेत आतडी अडलेली दिसत होती. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नव्हता, जांघेत गाठ नव्हती. नाकातून नळी टाकली, सलाइन लावलं आणि ‘बघू’ म्हणून दोन दिवस काढले. आजी दर राऊंडला माझा हात धरून म्हणायच्या, “बाई, पोट राहू द्या, माझा गुडघा बघा.” मी हसून म्हणायचे, आधी पोट बरं करू, मग गुडघा. तिसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा आतड्याचा एक वेढा त्या बोळात अडकून काळा पडलेला होता. कापून जोडलं. पाचव्या दिवशी आजी गेल्या. मला दोन गोष्टी ठाऊक होत्या, पोट आणि गुडघा. त्या एकत्र जोडायचं डोक्यात आलं नाही. दोन्ही पुस्तकात एकाच पानावर होत्या.

तेव्हापासून इतक्या वर्षांत असा हर्निया मी मोजून सात वेळा पाहिला. शंभर हर्नियांत एकही नसतो इतका तो विरळा. पण विरळा आहे म्हणूनच उशिरा कळतो, आणि उशिरा कळतो म्हणूनच घातक.

त्यातली फसवी गोष्ट म्हणजे तुम्ही लिहिलंत ते, ‘दुसऱ्या दिवशी बऱ्या’. बऱ्याचदा आतड्याचा पूर्ण वेढा अडकतच नाही. भिंतीचा एक चिमटाच त्या बोळात सापडतो. मग वारा सरतो, थोडी संडासही होते, आणि सगळ्यांना वाटतं की गॅसच होता. तो चिमटा आपोआप सुटतो, पुन्हा सापडतो. अशा दोन-तीन हुलकावण्या दिल्यावर एक दिवस सुटत नाही, आणि अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तिथून पुढे हिशोब तासांचा असतो.

म्हणून त्या ड्यूटीवरच्या मुलाचं, मुलगाच म्हणते, माझ्या लेकाच्या वयाचा आहे, मनापासून कौतुक. साध्या एक्स-रेत आतडं अडलंय एवढंच कळतं, कुठे ते नाही. सोनोग्राफीत पोटातला गॅस आड येतो. पोट पाहून झाल्यावर प्रोब मांडीच्या आतल्या बाजूला फिरवला तर कधीकधी सापडतो, पण तो फिरवायचं सुचायला हवं. सीटीत मात्र पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं. तुम्ही मला जो फोटो पाठवलात, तो मी मोठा करून पाहिला. मांडीच्या वरच्या भागात दोन स्नायू एकमेकांवर पडलेले असतात, त्यांच्यामध्ये काहीच नसायला हवं. सासूबाईंच्या डाव्या बाजूला नव्हतं. उजव्या बाजूला त्या दोन स्नायूंच्या फटीत एक गोलसर दाणा होता, चांगल्या पोसलेल्या सोनाका द्राक्षाच्या मण्याएवढा. तेच आतडं. दिरांना दाखवायची गाठ ती. फक्त मांडीच्या आत तीन बोटं.

पट्ट्याचं आता तुम्हीच सांगा. हाडाच्या आतल्या बोळावर बाहेरून पट्टा बांधून काय होणार? वाड्याच्या मागच्या बोळात चोर शिरलाय आणि आपण पुढच्या दाराला कुलूप लावतोय.

आता वय. तुमचे यजमान म्हणाले, “ऐंशीच्या घरातली बाई, टेबलावरच गेली तर?” भीती खरी आहे, भुलेचा धोका या वयात असतोच. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ‘काही न करणं’ म्हणजे सुखरूप घरी जाणं नाही, ते समजून घ्या. अडकलेलं आतडं काळं पडलं तर तेच ऑपरेशन दोन दिवसांनी करावं लागतं. तेव्हा पोट मोठं उघडायचं, आतडं कापायचं, अंगात जंतू पसरलेले, रक्तदाब उतरलेला. ३६ किलोच्या बाईला ते झेपत नाही. वय ७९ दोन्हीकडे तेच आहे. बदलतं ते फक्त आतडं, गुलाबी की काळं.

ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांनी तुमच्या परवानगीने मला त्याचा व्हिडिओ दाखवला. शिकण्यासारखा होता. बेंबीजवळ एक सेंटिमीटरचं छिद्र आणि दोन बाजूंना अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरची दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबू उभा केला. दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर दिसलं : गुलाबी आतड्यांची रांग चाललीय आणि त्यातलं एक आतडं उजवीकडे खाली हाडात शिरून नाहीसं होतंय. त्यांनी ते ओढलं नाही. ओढलं तर फाटतं. बाजूचा पडदा जरासा सैल केला, मग दोन्ही चिमट्यांनी अलगद, इंच इंच मागे घेतलं. बाहेर आलं तेव्हा त्यावर जांभळा वळ होता, घट्ट बांगडी काढल्यावर मनगटावर उमटतो तसा. मग कोमट सलाइनच्या घडीत ते गुंडाळून ठेवलं आणि सगळे थांबले. दहा मिनिटं. व्हिडिओत भूलतज्ज्ञ कुणाला तरी चहाचं विचारताना ऐकू येतात. घडी काढली तेव्हा जांभळ्याचं गुलाबी झालं होतं आणि त्या वळावरून एक लाट सरकत गेली. आतडं जिवंत होतं. कापावं लागलं नाही.

जाळीबद्दल तुमच्या मनात भीती होती, ती ‘पोटात जाळी टोचत राहील का’ अशी. गोधडीला अस्तर असतं तसं पोटाच्या भिंतीला आतून पातळ अस्तर आहे. ते कापून उचलायचं, त्याच्या आणि स्नायूच्या मधल्या पोकळीत जाळी पसरायची आणि अस्तर पुन्हा शिवून टाकायचं. आतड्याचा जाळीला स्पर्शच होत नाही. साधारण १० बाय १५ सेंटिमीटरचा हा तुकडा एकाच वेळी जांघेतल्या नेहमीच्या हर्नियांच्या जागा झाकतो आणि जरा खाली ओढून बसवला की हा बोळही. त्याच दुर्बिणीतून डावी बाजू पाहिली तर तिथेही बोळ सैल होताना दिसला, आत काही शिरलेलं नव्हतं एवढंच. तिथेही जाळी टाकली. लवकर कळण्याचा फायदा हा असा.

पण दुर्बीण हा मानाचा तुरा नव्हे, हेही सांगायला हवं. पोट फुगून टम्म झालं असेल तर आत काम करायला जागा उरत नाही. हृदय-फुप्फुसं थकलेली असतील तर पोटात भरलेला गॅस सोसत नाही. आणि आतडं सडलं असेल तर जाळी बसवायला बहुतेक सर्जन तयार होत नाहीत, जंतू जाळीला धरून बसतात. तिथे उघडं ऑपरेशनच योग्य. “आमच्या आईचं दुर्बिणीतूनच करा” असा हट्ट धरणारे नातेवाईक भेटतात, तेव्हा मला वाटतं यांना आई हवीय की बारीक टाके?

सासूबाई चौथ्या दिवशी घरी आल्या. श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळ्यांचं ते फुंकायचं खेळणं (फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, हे त्यांना अजून सांगा) महिनाभर चालू ठेवा. खोकला छातीच्या डॉक्टरांना दाखवा. कुंथायला लागू नये म्हणून इसबगोल आणि पाणी. आणि एक गोष्ट जरा कठोरपणे लिहिते. तुम्ही फोनवर चारदा म्हणालात, “सासूबाई पहिल्यापासून काटक आहेत.” आपल्याकडे हा शब्द कौतुकाचा आहे. पण विचारलं तेव्हा कळलं की संकष्टी, एकादशी, गुरुवार आणि दोन्ही नवरात्रं. बाकीच्या दिवशी अर्धी भाकरी आणि चहा. एके काळी त्या ४८ किलोच्या होत्या. ती बारा किलो कुठे गेली? त्या बोळातली चिंधीही त्यातच गेली. उपवास बंद, हे मी सांगितलंय म्हणून सांगा. देवाला मी उत्तर देईन. सकाळी अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं, वरणावर तूप, रात्री दूध.

आता हे वाचून गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक आजीला सीटीच्या मशीनवर चढवू नका. जिना उतरताना दुखतो, सकाळी आखडतो, कुरकुर वाजतो, सुजतो, तो गुडघाच आहे, आणि दहांत नऊ वेळा नव्हे, जवळजवळ दर वेळी तो गुडघाच असतो. माझा रोख फक्त एका जोडीवर आहे : वाळलेली म्हातारी बाई, गुडघा-मांडीची कळ, आणि त्याच वेळी पोटात मुरडा किंवा उलटी. दोन्ही बरोबर येतात, बरोबर जातात. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रणही नाही. अशी जोडी दिसली तर पोटाच्या डॉक्टरला गुडघ्याचं सांगा आणि गुडघ्याच्या डॉक्टरला पोटाचं. आम्ही आपापल्या तुकड्यापुरतंच विचारतो, ही आमची खोड आहे.

प्रश्न : वय ३४. द्राक्षाचे क्रेट उचलायचं काम. डाव्या जांघेत लिंबाएवढी गाठ येते, झोपलं की जाते. दुखत नाही. पट्टा वापरतो. सीझन संपल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : तुमचा हर्निया नेहमीचा, जांघेतला. दुखत नाही आणि सहज आत जातो तोवर सीझन संपेपर्यंत थांबायला हरकत नाही, पण एकदा सर्जनला दाखवून, तारीख ठरवून मग थांबा. नुसतं ‘बघू’ म्हणून नको. पट्ट्याने तो बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो. गाठ आत गेलेली नसताना वरून पट्टा आवळू नका. ज्या दिवशी गाठ कडक होईल, दुखेल, झोपूनही आत जाणार नाही किंवा उलटी होईल, त्या दिवशी क्रेट तिथेच ठेवून रात्र असली तरी निघा. हे सांगताना मी ‘सकाळी बघू’ असं कधीच म्हणत नाही.

प्रश्न : माझ्या आईचं वय ७४, तिच्या हर्नियाच्या ऑपरेशनला खर्च किती येईल? सरकारी योजनेत बसतं का?
— र., सिन्नर

उत्तर : खर्च हॉस्पिटलप्रमाणे आणि जाळीप्रमाणे इतका बदलतो की आकडा छापून मी तुमची फसवणूक करणार नाही. पण ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान कार्ड काढता येतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ नावाचं टेबल असतं. दाखल व्हायच्या आधी तिथे आधार आणि रेशनकार्ड घेऊन जा, आणि दुर्बिणीतून केलं तर जाळीचे पैसे वेगळे लागतील का, एवढं स्पष्ट विचारून घ्या.

ता. क. सौ. के., तुमचा कालचा मेसेज मिळाला. सासूबाई रात्री पाय सरळ करून झोपल्या, वाचून बरं वाटलं. नी-कॅपचं आता काय करू, असं त्या विचारतायत म्हणे. नवीच असेल तर दिरांना द्या. फोनवर ते बोलता बोलता जिना चढत होते आणि मला त्यांचा गुडघा ऐकू येत होता.